घरात चार फोन, रिचार्जचा हिशेब एक



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण सातवीच्या गणिताशी त्याचा संबंध आहे आणि आपल्या खिशाशी तर नक्कीच आहे. घरातल्या सगळ्यांचे मोबाइल कमीत कमी खर्चात चालू कसे ठेवायचे, एवढाच प्रश्न.

२०२४ च्या जुलैमध्ये मोबाइलचे दर वाढले. जिओ आणि एअरटेलने ३ जुलैपासून वाढवले, व्हीआयने दुसऱ्या दिवशी. तेव्हा शिक्षकखोलीत आम्ही चार दिवस कुरकुर केली आणि गप्प बसलो. त्याचा खरा परिणाम मला दिवाळीच्या सुट्टीनंतर कळला. वर्गातल्या ३१ पालकांना एका कामासाठी फोन लावत होते. ९ जणांचा फोन लागलाच नाही. मुलांकडून निरोप पाठवले तेव्हा कारणं समजली. कुणी म्हणालं, "बाई, दोन फोनचा रिचार्ज झेपेना, एक बंद केला." कुणी जुनं कार्ड फेकून नवीन घेतलं होतं, कारण नवीन कार्डावर दुकानदार काहीतरी सवलत देत होता. एका आजोबांना तर आपला नंबर बंद पडलाय हेच माहीत नव्हतं. "फोन येत नाही म्हणून वाटलं, पोरं विसरली."

शाळेला पालकांचा नंबर मिळाला नाही तर आपण मुलाच्या हातून चिठ्ठी पाठवतो, काम भागतं. पण बँक चिठ्ठी पाठवत नाही. आधार, बँकेचं खातं, गॅसचं बुकिंग, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाचा अर्ज, सगळीकडे तो दहा आकडी नंबर लिहिलेला असतो आणि ओटीपी तिथेच येतो. म्हणून मी स्वस्त प्लॅन कशाला म्हणते ते आधीच सांगते. ज्यात घरातला कुणीही न वापरलेल्या गोष्टीचे पैसे भरत नाही आणि कुणाचाही नंबर मरत नाही, तो स्वस्त प्लॅन. यातली दुसरी अट बहुतेक लोक विसरतात. मीही विसरले होते, ते पुढे सांगते.

तेरा महिन्यांचं वर्ष

आधी गणित. २०२५ च्या फेब्रुवारीत मी सातवीच्या मुलांना सांगितलं, घरातल्या प्रत्येक फोनचा शेवटचा रिचार्ज किती रुपयांचा आणि किती दिवसांचा, ते वहीत लिहून आणा. नंबर लिहायचा नाही, फक्त रुपये आणि दिवस. (ही सूचना नक्की द्या. नाहीतर मुलं आईवडिलांचे नंबर आणि कधीकधी ओटीपीचे मेसेजसुद्धा उतरवून आणतात.)

फळ्यावर बहुतेकांचे आकडे २८ दिवसांचे होते. मग विचारलं, वर्षात असे रिचार्ज किती होतील? सगळा वर्ग म्हणाला बारा. एकाने खाली मान घालून २८ ला १२ ने गुणलं, ३३६ आले, आणि तो ओरडला, "बाई, २९ दिवस उरले! म्हणजे तेरावा रिचार्ज करावा लागतोय की!" अगदी बरोबर. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. आपल्या डोक्यात महिना असतो, पॅक चार आठवड्यांचा असतो, आणि वर्षाला एक जादा रिचार्ज गुपचूप जातो. २९९ चा पॅक असेल तर वर्षाचे २९९ गुणिले १२ नव्हे, गुणिले १३, म्हणजे ३,८८७ रुपये.

याच तक्रारीवरून ट्रायने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०२२ च्या जानेवारीत आदेश काढला की प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक पूर्ण ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा ठेवलाच पाहिजे. असे पॅक आहेत. फक्त दुकानदार आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. पण ३० दिवसांचा आहे म्हणून तो स्वस्तच असेल असं नाही, तेही तपासून घ्यावं लागतं.

तपासायची रीत एकच, आपली एकमान पद्धत. रुपये भागिले दिवस. एका दिवसाला किती पडले ते काढा, मगच दोन पॅकची तुलना करा. मुलांना मी दोन पॅक दिले होते, दोन्हींत फक्त बोलणं आणि एसएमएस, नेट नाही. एक १,७४८ रुपयांचा आणि दुसरा १,८४९ रुपयांचा. स्वस्त कोणता? सगळ्यांनी पहिल्याला हात वर केला. मग दिवस सांगितले. पहिला ३३६ दिवसांचा, दुसरा ३६५. भागाकार केल्यावर पहिला दिवसाला ५ रुपये २० पैसे आणि दुसरा ५ रुपये ७ पैसे. शंभर रुपयांनी महाग दिसणारा पॅक दिवसाला १३ पैशांनी स्वस्त निघाला. वर्गात अशी शांतता क्वचित पसरते.

(पहिला तेव्हाचा जिओचा, दुसरा एअरटेलचा. या लेखातले दर मी २०२५ च्या सुरुवातीचे घेतले आहेत. दर बदलतात आणि बदलण्याची पद्धतही लक्षात ठेवण्यासारखी असते. कधी किंमत वाढते, कधी किंमत तीच ठेवून दिवस कमी होतात, तर कधी सगळ्यात स्वस्त पॅक यादीतून नुसता गायब होतो. जिओचा २४९ रुपयांचा, २८ दिवस रोज १ जीबीचा पॅक २०२५ च्या ऑगस्टमध्ये असाच गेला. म्हणून आकडे पाठ करू नका, भागाकार पाठ करा. चालू दर कंपनीच्या अॅपवर मिळतात, शिवाय ट्रायच्या संकेतस्थळावर सगळ्या कंपन्यांचे दर एकत्र पाहायची सोय आहे.)

आजीच्या बटणाच्या फोनला रोज १ जीबी

मुलांनी आणलेल्या वह्यांमध्ये एका घराचा हिशेब मला फार बोलका वाटला. घराचं नाव अर्थातच सांगत नाही. घरात फोन चार. वडील टेम्पो चालवतात. आई घरीच शिवणकाम करते. थोरली मुलगी जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात राहून नर्सिंग शिकते. आजीकडे जुना बटणाचा फोन. चौघांचाही रिचार्ज २९९ चा, २८ दिवसांचा. का? तर दुकानात गेल्यावर "चारही नंबरला मारून टाक" असं सांगायची सवय. दुकानदाराने सगळ्यांना सारखाच मारला.

म्हणजे ज्या फोनवर फक्त हिरवं आणि लाल बटण दाबता येतं, त्या आजीच्या फोनलाही रोज १ जीबी नेट मिळत होतं. रात्री बारा वाजता ते जायचं आणि नवीन १ जीबी यायचं. न वापरलेलं दुसऱ्या दिवशी मिळत नाही. आजी वर्षानुवर्षं पुढच्यांच्या व्हिडिओचे पैसे भरत होती म्हणा ना.

या चौघांचा वर्षाचा खर्च काढू. २९९ भागिले २८ म्हणजे दिवसाला १० रुपये ६८ पैसे. ३६५ दिवसांचे एका फोनला सुमारे ३,८९८, चार फोनचे सुमारे १५,५९० रुपये. पालकसभेला ती आई आली होती. आकडा ऐकून म्हणाली, "एवढ्यात नवी शिलाई मशीन येईल की हो बाई." मग आम्ही दोघी बसलो आणि एकेका माणसाची गरज लिहून काढली. पॅक शोधण्याआधी हे काम करायचं असतं. आपण उलटं करतो, आधी पॅक बघतो आणि मग गरज त्यात कोंबतो.

वडिलांना नकाशा लागतो, भाड्याचे पैसे फोनवर येतात, दिवसभर बाहेर असतात. त्यांना नेट हवंच. मुलगी वसतिगृहात, तिलाही हवं. पण या दोघांसाठी २८ दिवसांच्या २९९ ऐवजी ८४ दिवसांचा ७९९ चा पॅक होता. रोजचं नेट तेवढंच, दीड जीबी. दिवसाला ९ रुपये ५१ पैसे, म्हणजे वर्षाला एका फोनमागे सुमारे सव्वाचारशे रुपये वाचतात. अडचण एकच, ७९९ रुपये एकदम काढावे लागतात. रोजंदारीच्या घरात ही अडचण छोटी नाही, आणि "मोठा पॅक घ्या, स्वस्त पडतो" असं सहज म्हणणाऱ्यांनी ती विसरू नये. गरीब माणसाला तीच वस्तू महाग पडते, कारण तो ती थोडी थोडी विकत घेतो. किराण्याचंही तसंच आहे. त्या आईने यावर उपाय काढला. भिशीचे पैसे आले की त्यातून एका फोनचा मोठा रिचार्ज, पुढच्या वेळी दुसऱ्याचा.

आईचा स्वतःचा फोन स्मार्टफोन आहे, पण ती घरी असते. तिला दिवसा फोन हवा तो गिऱ्हाइकांशी बोलायला. नेट लागतं संध्याकाळी, तेव्हा वडील घरी आलेले असतात आणि त्यांच्या फोनचा हॉटस्पॉट चालतो. मुलाचा अभ्यासाचा व्हिडिओही त्यावरच. म्हणून तिच्यासाठी नेट नसलेला पॅक, ८४ दिवसांना ४४८ रुपये. दिवसाला ५ रुपये ३३ पैसे, आधीच्या निम्मे. इथे मी तिला एकदा नाही, दोनदा विचारलं. दुपारी मुलीचा व्हिडिओ कॉल येतो का? गिऱ्हाइकं डिझाइनचे फोटो पाठवतात का? फोटो येतात, पण संध्याकाळी पाहिले तरी चालतात, म्हणाली. ज्यांना चालत नसेल त्यांनी हा पॅक घेऊ नये. चारपाचशे रुपये वाचवायला धंदा बुडवायचा नाही. थोडंसंच नेट लागत असेल तर एअरटेलचा १९९ चा पॅक होता, २८ दिवसांसाठी एकूण २ जीबी. तो दिवसाला ७ रुपये ११ पैसे पडतो.

आता आजी. मुलगा म्हणाला, आजीला पण आईसारखंच जिओचं द्या. इथे एक गोष्ट आडवी आली, ती तुमच्या घरीही येऊ शकते. जिओचं जाळं फक्त फोरजी-फाइव्हजीचं आहे. जुना टूजी बटणाचा फोन त्यावर चालतच नाही. त्यासाठी फोरजी चालणारा बटणाचा फोन लागतो. स्वस्त पॅकसाठी नवा फोन घ्यायचा तर वाचलेले पैसे फोनमध्येच जातात. जिओभारत नावाचा फोन २०२३ मध्ये ९९९ रुपयांत निघाला, त्याचा २८ दिवसांचा पॅक १२३ रुपयांचा, म्हणजे दिवसाला ४ रुपये ३९ पैसे. स्वस्तच आहे. पण तो पॅक त्याच फोनवर चालतो. ज्याला नवीन बटणाचा फोन घ्यायचाच आहे त्याने हा विचार जरूर करावा. आजीला मात्र सवयीचा फोन बदलायचा नव्हता, आणि तो हक्क तिचाच. म्हणून ती एअरटेलवरच राहिली, फक्त पॅक बदलला. ३६५ दिवसांचा, १,८४९ रुपये, नेट नाही.

नवीन बेरीज केली. वडील ३,४७२, मुलगी ३,४७२, आई १,९४७, आजी १,८४९. एकूण १०,७४० रुपये. वर्षाला सुमारे ४,८५० रुपये वाचले. कुणाचं बोलणं कमी झालं नाही, कुणाचा नंबर बदलला नाही.

बीएसएनएल का नाही, असं तुम्ही विचाराल. त्यांचा ११९८ रुपयांचा ३६५ दिवसांचा पॅक होता. महिन्याला ३०० मिनिटं बोलणं, ३ जीबी नेट आणि ३० एसएमएस. दिवसाला ३ रुपये २८ पैसे, सगळ्यात स्वस्त. महिन्याला ३०० मिनिटं म्हणजे रोजची दहा. कमी बोलणाऱ्या आजोबांना पुरतील, लेकीशी रोज अर्धा तास बोलणाऱ्या आजीला दहा दिवसांत संपतील. आणि मुख्य म्हणजे रेंज. त्या घरात बीएसएनएलची रेंज ओट्यावर येते, स्वयंपाकघरात जाते. कुठलीही कंपनी बदलण्याआधी शेजारपाजारच्या कुणाचा तरी त्या कंपनीचा फोन दहा मिनिटं मागून घ्या आणि घराच्या प्रत्येक खोलीत, शेतात, दुकानात लावून बघा. जाहिरातीतला नकाशा बघून ठरवू नका.

"फक्त बोलायचा पॅक द्या"

हे नेट नसलेले पॅक आले कुठून, तेही सांगते, कारण पुष्कळ शिक्षकांनाही ते माहीत नाहीत. मधली काही वर्षं खासगी कंपन्यांच्या बहुतेक सगळ्या पॅकमध्ये नेट घातलेलंच असायचं. हवं असो वा नसो, पैसे भरा. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने ग्राहक संरक्षणाच्या नियमांत दुरुस्ती केली आणि प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक फक्त बोलणं आणि एसएमएस यांचा ठेवला पाहिजे असं बंधन घातलं. अशा पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस केली. ज्येष्ठ नागरिक, घरी ब्रॉडबँड असलेले लोक, दुसरं कार्ड फक्त फोनपुरतं ठेवणारे लोक यांच्यासाठी ही सोय. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी पॅक आणले.

पण दुकानाच्या फलकावर ते ठळक लावलेले दिसणार नाहीत. अॅपमध्येही बरंच खाली जावं लागतं. दुकानदाराला सरळ सांगा, "फक्त बोलायचा पॅक द्या, नेट नको." तो "असा पॅक नाहीये" म्हणाला तर भांडू नका, कंपनीच्या अॅपवरून रिचार्ज करा.

एक शंका नेहमी येते. नेट नसलं तर ओटीपी येईल का? येईल. ओटीपी एसएमएसने येतो, त्याला नेट लागत नाही, आणि आलेल्या एसएमएसचे पैसे पडत नाहीत. पॅकमध्ये जे एसएमएस मोजून दिलेले असतात ते आपण पाठवायचे. व्हॉट्सअॅप मात्र वायफाय किंवा हॉटस्पॉट असेल तेव्हाच चालेल.

वर्षाचा पॅक खरंतर कशासाठी

आता माझी चूक. आईचा नंबर २००९ पासूनचा होता. बाबांच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनला तोच, बँकेला तोच, आधारला, गॅसला तोच. २०२३ मध्ये तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ती जवळजवळ सहा महिने आमच्याकडे राहिली. इथे तिला बोलायला माझा फोन होता. तिचा फोन पिशवीत. रिचार्ज संपल्याचे मेसेज त्या फोनवर येत राहिले असणार, पण पिशवीतला फोन कोण बघणार? गावाला परत गेल्यावर फोन चालू केला तर नंबर गेलेला. दुकानात विचारलं तर म्हणाले, आता मिळणार नाही.

नियम असा आहे. पॅकची मुदत संपली की आधी आपल्याकडून फोन लागणं बंद होतं, मग काही दिवसांनी येणंही. सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते. बंद झालेला नंबर आणखी निदान ९० दिवस कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो दुसऱ्या कुणाला तरी मिळू शकतो. म्हणजे माझ्या आईच्या बँकेचे मेसेज एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजू शकले असते. पैसे गेले नाहीत, पण त्या वयात तिला बँकेत दोन खेपा, आधार केंद्रात बोटांचे ठसे द्यायला एक खेप, गॅस एजन्सीत एक खेप. ठसे पुसट झालेले, ते लागायला अर्धा दिवस. ती मला एका शब्दाने बोलली नाही. त्याचंच जास्त वाटलं.

म्हणून आजीच्या वर्षाच्या पॅककडे परत या. ८४ दिवसांचा एअरटेलचा तसाच पॅक ४६९ चा होता, दिवसाला ५ रुपये ५८ पैसे. वर्षाचा ५ रुपये ७ पैसे. फरक ५१ पैशांचा, म्हणजे वर्षाला १८६ रुपये. जिओच्या दोन पॅकमध्ये तर फरक १३ पैशांचाच आहे. एवढ्यासाठी एकदम अठराशे रुपये कोण काढेल? पण आजीसाठी काढावेत, कारण इथे आपण पैसे वाचवत नाही, विसरण्याची शक्यता वर्षातून चारपाच वेळांवरून एकदावर आणतो. त्या आईने रिचार्जची तारीख आजीच्या वाढदिवसाची ठरवली. आजीचा वाढदिवस कुणालाच नक्की माहीत नव्हता, मग आधारवरचा १ जून धरला. आपल्याकडे निम्म्या आजीआजोबांचा तोच असतो!

पैसे अगदीच नसतील तर एक आधार आहे. ट्रायच्या २०१३ च्या नियमानुसार प्रीपेड खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर वापर नाही म्हणून नंबर बंद करता येत नाही. ९० दिवसांनंतर २० रुपये कापून ३० दिवस वाढवतात. लक्षात घ्या, शिल्लक २० हवी. १० रुपयांचा टॉपअप मारला तर खात्यात ७ रुपये ४७ पैसेच येतात, ५० चा मारला तर ३९ रुपये ३७ पैसे. आणि यात नंबर तुमच्या नावावर राहतो, इतकंच. त्यावर फोन येत-जात राहील असं समजू नका. अडीअडचणीचा उपाय म्हणून ठीक.

नंबर तोच, कंपनी दुसरी

सवलतीच्या मोहाने जुनं कार्ड फेकणाऱ्या पालकांना हे आवर्जून सांगा. कंपनी बदलायला नंबर बदलावा लागत नाही. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. फोनवरून पोर्ट हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायचा, एक जागा सोडून आपला नंबर, आणि १९०० ला एसएमएस करायचा. आठ अक्षरी कोड येतो. तो चार दिवस चालतो. तेवढ्यात तो कोड आणि आधारकार्ड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. आपल्याच परिमंडळात तीन कामाच्या दिवसांत नंबर तिकडे जातो. मुंबईचं परिमंडळ वेगळं आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून वेगळं आहे, या दोहोंमध्ये बदलायचं तर पाच दिवस.

काही अटी आहेत. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. हरवलेल्या सिमच्या जागी नवीन सिम घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. हा नियम १ जुलै २०२४ पासून फसवणूक रोखण्यासाठी आला. जुन्या कंपनीतला उरलेला पॅक आणि बॅलन्स बुडतो, म्हणून पॅक संपायच्या चार-पाच दिवस आधी हे करा. आणि कुणी म्हणालं की तुमच्या पॅकमध्ये एसएमएस नाही म्हणून पोर्ट होणार नाही, तर ऐकू नका. १९०० ला हा एसएमएस प्रत्येक पॅकवरून गेलाच पाहिजे असा ट्रायचा २०२१ च्या डिसेंबरचा निर्देश आहे.

मात्र कार्ड कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. आमच्या वर्गातल्या एका घरात आईचं कार्ड तिच्या भावाच्या नावावर निघालं. तो सुरतेला. त्याच्याशिवाय काहीच करता येईना. आपल्या नावावर कोणते नंबर चालू आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर दिसतं. आपल्याकडे एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ कार्डं चालतात. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर कार्ड मिळत नाही, ते पालकाच्याच नावावर असतं. त्यामुळे मुलाने त्यावर काय केलं याची जबाबदारीही पालकाकडे येते, हे सातवी-आठवीच्या पालकसभेत एकदा सांगायला हरकत नाही.

पगारदार घरांसाठी एक शब्द, कारण आपल्यातले बरेच जण पोस्टपेड फॅमिली प्लॅनकडे बघतात. जिओचा तेव्हाचा प्लॅन पहिल्या नंबरला ४४९ आणि पुढच्या प्रत्येकाला १५०. चार जणांचे ८९९. स्वस्त वाटतं, नाही? पण पोस्टपेडच्या दरात जीएसटी धरलेला नसतो, प्रीपेडच्या दरात तो आत असतो. १८ टक्के जोडल्यावर १,०६१ रुपये महिना, वर्षाचे सुमारे १२,७३०. आपल्या वरच्या हिशेबापेक्षा दोन हजारांनी जास्त. फायदा एकच आणि तो मोठा आहे. बिल खऱ्या महिन्याचं येतं, वर्षात बारा वेळा, आणि बँकेतून आपोआप कापायला लावलं तर विसरून नंबर बंद पडत नाही. ज्यांच्या घरी चौघांनाही नेट लागतं आणि रिचार्जच्या तारखा सांभाळायला कुणी नाही, त्यांना हे परवडेल.

वर्गात हा उपक्रम घेणार असाल तर दोन तासिका ठेवा. पहिल्या तासिकेत नुसता भागाकार, दुसऱ्या तासिकेत गरज आणि पॅकची जोडणी. दशांश अपूर्णांक, शेकडेवारी आणि तुलना, तिन्ही होतात. शेवटी प्रत्येकाने घरातल्या एका माणसासाठी पॅक सुचवायचा आणि त्याचं कारण दोन ओळींत लिहायचं. आमच्या वर्गातल्या एका मुलीने आजोबांसाठी सगळ्यात महाग पॅक सुचवला होता. मी लाल शाई उचलली, आणि मग कारण वाचलं: "आजोबा रोज रात्री दुबईच्या काकाशी व्हिडिओवर बोलतात, नाहीतर जेवत नाहीत." मी बरोबरची खूण केली.